वितळण्याचं ठिकाण

खनिज कुठलंही चालतं, असं नियमातच आहे.
वितळलं कुठे, ओतलं कुठे, तिथून चौकशी सुरू.
मग शेवटचा लेप चढेपर्यंत
लोखंडानं देशाचा उंबरा ओलांडायचा नाही.

मी चौकशी करते. त्याचाच पगार घेते.
हार्कनेस गावचं पाणीखातं, बॉयलरशेजारचं टेबल,
चौदा व्हॉल्व्ह, अकराशे फूट पाइप,
आणि शहाण्णव बोल्ट
ज्यांना जन्मदाखला नाही.

बाकी सगळ्यांना आहे. ओहायोतल्या भट्टीचा शिक्का,
हीट नंबर, कार्बन इतका, गंधक इतकं,
खाली कुणा बाईची घाईतली सही,
‘आर’चं शेपूट चौकटीबाहेर गेलेलं.
तिला मी पाहिलेलं नाही.
दोन वर्षांत ते शेपूट मात्र भावकीतलं झालंय.

रूडी झुपानचा फोन आला:
“बाई, माती पडली वर. साडेसहा फूट.
मातीवर बर्फ.
बोल्टासारखा बोल्ट आहे, पाण्याला काय कळतंय?”
पाण्याला नाही कळत, रूडी.
पैसे वॉशिंग्टनचे आहेत, त्यांना कळतं.

किरकोळ सामानाला थोडी सूट असते.
ती डिसेंबरातच संपली,
फाटकाच्या बिजागऱ्यांवर आणि टाकीच्या शिडीवर.
मी तीनदा बेरीज केली,
तिसऱ्यांदा पेन्सिलीनं, उगाच.

बाप माझा खाणीत होता. एइनो लाहती.
आता त्या खाणीत पाणी आहे, निळं, तळ न दिसणारं;
याच पाइपातून ते आम्ही पिणार आहोत.
खाण मिटली तेव्हा तो चालवायचा ते दोन मजली शॉवेल
गॅसकटरनं तुकडे तुकडे करून भंगारात काढलं.
डुलूथच्या धक्क्यावर ते जहाजात भरताना
बघायला गेला, हातात जेवणाचा डबा,
जसा काही पाळीवरच निघालाय.
कुठे चाललं? त्यानं विचारलं.
तुर्कस्तान, कुणीतरी म्हणालं.
त्या रात्री तो जेवला नाही.
बूट तेवढे पुसून ठेवले.

गुरुवारी पुरवठादाराचं पत्र आलं, दिलगिरीसह:
बोल्ट पॅक केले इलिनॉयमध्ये,
आटे पाडले इलिनॉयमध्ये,
पोलाद वितळलं इस्केंदेरूनला.
नकाशात शोधलं. तुर्कस्तान, समुद्रकाठ.

मी तसं म्हणत नाही.
जगात भंगार थोडं आहे का!
पण शहाण्णवांत कुठेतरी चिमूटभर…
परमुलखात वितळून, नाव बदलून
माहेरच्या दारात उभी राहिलेली लेक,
आणि उंबऱ्यावर मी, कागद मागत.

फॉर्मवर यासाठी रकाना नाही.
असता तरी मी काय भरलं असतं?
त्या शेपटीवाल्या बाईची भट्टी
गेल्या वर्षी चार महिने थंड होती, हे मला ठाऊक आहे.
मी लिहिलं: नामंजूर.
माझ्या सहीला शेपूट नाही. सरळ आहे, शाळकरी.

मग खणलं.
उणे चोवीस, आधी वाफेनं जमीन सैल केली,
रूडीनं मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात शिव्या दिल्या
आणि नंतर थर्मासमधली अर्धी कॉफीही.
नवे बोल्ट आले, नंबरासकट.
जुने एका बादलीत.

बादलीतला एक मी खिशात टाकला.
त्याबद्दल नियमात काही नाही, मी पाहिलंय.

रविवारी वृद्धाश्रमात बापाच्या तळहातावर ठेवला.
कुठला, ते सांगितलं नाही.
त्यानं वजन केलं,
खिडकीकडे धरून फिरवला, नख लावून पाहिलं.
“आटे छान पाडलेत,” म्हणाला.
आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला,
कानाच्या मशीनच्या बॅटऱ्यांशेजारी.